भिंगरी चेहरे वाचायला पुन्हा शिकली

भिंगरी हे नाव तिला वडिलांनी ठेवलं. लहानपणी ती रडता रडता हसायची आणि हसता हसता दार आपटून निघून जायची. तिला एका जागी, एका मनाने बसवून ठेवणं कुणाच्या बापाला जमलं नाही, तिच्या बापालाही नाही. पुढे ती मोठी झाली, पालिकेच्या बंदिस्त तलावावर पोहायला शिकवू लागली, लग्न झालं, एक मुलगी झाली, तरी नाव चिकटलं ते चिकटलंच. तलावावर येणारे सत्तरीचे आजोबासुद्धा तिला ‘भिंगरी मॅडम’ म्हणत.

घाबरलेली मोठी माणसं ही तिची खासियत. चाळिशी उलटलेला, पोट सुटलेला एखादा साहेब उथळ भागाच्या कठड्याला घोरपडीसारखा चिकटला की त्याची बोटं कशी सोडवायची, हे तिच्याकडून शिकावं. ती त्याच्यासमोर पाण्यात उभी राही आणि अगदी हळू बोले. “तळ कुठे आहे? पायाखाली. म्हणजे तुम्ही उभेच आहात. आता तोंड पाण्यात घाला आणि फुंकर मारा, चहा गरम असल्यासारखी.” साहेब फुंकर मारत, नाकातोंडात पाणी जाई, ठसका लागे, आणि आठवड्याभराने तेच साहेब पोरासारखे पाय झाडत तलावाची रुंदी पार करत.

एकदा खोल भागात एका धिप्पाड माणसाच्या पोटरीत गोळा आला. तो वरखाली व्हायला लागला आणि काठावरचा रक्षक इतका गांगरला, की तोंडातली शिट्टी वाजवायचंही विसरला. भिंगरीने कपड्यांसकट उडी मारली. मागून जाऊन त्याच्या हनुवटीखाली हात घातला, त्याला काठाशी आणलं, कुशीवर वळवलं, छातीजवळ कान नेऊन श्वास ऐकला. एकाला रुग्णवाहिका बोलवायला सांगितली, दुसऱ्याला टॉवेल आणायला, तिसऱ्याला गर्दी हटवायला. आवाज जरासुद्धा चढला नाही. तो माणूस धडपणे गाडीत बसून गेल्यावर तिने ओले कपडे बदलले आणि उरलेला वर्ग पुरा केला.

त्याच संध्याकाळी नवऱ्याचा फोन लागेना. तिचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. काम म्हणजे इमारतीच्या पोटातल्या अंधाऱ्या बोळकांडीत लटकून. तिथे फोन लागत नाही. हे तिला लग्नाआधीपासून माहीत होतं. पण तिसऱ्यांदा ‘संपर्क क्षेत्राबाहेर’ सांगणारा तोच थंड आवाज कानावर आला आणि तिच्या पायाखालची जमीन सरकली. माहीत असणं एका खोलीत राहिलं आणि ती दुसऱ्या खोलीत. तो आपल्याला सोडून गेला, हे तिला तेव्हा वाटलं नाही. ते तिला *दिसलं*. नवरा घरी पोहोचला तेव्हा त्याचे शर्ट, पँट, स्वेटर जिन्याच्या पायऱ्यांवर पसरले होते आणि सगळ्यात खाली त्याचे चांगले बूट. शेजारीण दार किलकिलं करून बघत होती.

ग्रीसने काळे झालेले हात आणि काखेत ब्रेडचा पुडा घेऊन तो उभा राहिला. भिंगरी त्याला बघताच मटकन पायरीवर बसली आणि रडत रडत शर्टांच्या घड्या घालायला लागली.

“मला सोडून जाऊ नकोस.”

“अगं, मी ब्रेडसाठी थांबलो होतो.”

एका दिवसात दोन बायका, आणि दोघी त्याच. बुडत्याला हात देणारी आणि फोन लागला नाही म्हणून बुडणारी.

नवऱ्याचा चेहरा हेही एक प्रकरण होतं. माणूस सोन्यासारखा, पण चेहऱ्यावरची माशी हलायची नाही. लग्नाच्या फोटोत तो असा उभा आहे, जणू पासपोर्टच्या फोटोसाठी उभा केलाय. आनंद झाला तरी तोच चेहरा, दाढ दुखली तरी तोच. आणि भिंगरीला त्या कोऱ्या चेहऱ्यावर रोज काहीतरी लिहिलेलं दिसायचं. जेवताना तो गप्प असला की तिला वाटे, हा वैतागलाय. टीव्हीकडे बघत असला की वाटे, याला माझी शिसारी आलीय. “काय झालं?” “काही नाही.” “काही नाही कसं?” आणि मग आकांडतांडव. कधी बशी फुटायची, कधी ती स्वतःच. एकदोनदा तिने स्वतःला इजाही करून घेतली होती. त्या खुणा झाकायला ती तलावावर पूर्ण बाह्यांचा पोशाख घालायची; लोकांना वाटे, मॅडमना थंडी वाजते.

ताईशी तर तिचं बोलणंच तुटलं होतं. थोरली बहीण, आई गेल्यावर तिनेच हिला वाढवलं. वर्षानुवर्षं ताई म्हणजे देव. ताईने निवडलेला पडदा, ताईने सांगितलेला डॉक्टर, ताईची पद्धत. मग ताईने नोकरीसाठी दुसऱ्या शहरात जायचं ठरवलं आणि एका दुपारीत ताई वैरीण झाली. मधलं काही नाहीच. “ती कधी माझी नव्हतीच,” असं भिंगरी सगळ्यांना सांगत सुटली, आणि सांगताना तिला ते शंभर टक्के खरं वाटत होतं.

हे असंच चालू राहिलं असतं. पण एक दिवस लेक शाळेतून आली. सात-आठ वर्षांची पोर. भिंगरी मोरीत आपला पोहण्याचा पोशाख पिळत होती. पोरीला वाटलं, आईला ऐकू जाणार नाही. बाबाच्या कानाशी लागून ती कुजबुजली, “बाबा, नाटकात मला घेतलंय. आईला आत्ता सांगू की नको? आज तिचा चेहरा कसाय?”

पोर आनंदाची बातमी घेऊन आली होती आणि ती दारात उभी राहून आधी हवामान विचारत होती. पिळलेला पोशाख हातात तसाच राहिला. ती त्या दिवशी ओरडली नाही, रडली नाही. बाहेर आली, पोरीचं नाटक सगळं ऐकलं, आणि पोर खेळायला गेल्यावर नवऱ्याला म्हणाली, “मला डॉक्टरकडे ने. सर्दी-खोकल्याच्या नाही, डोक्याच्या.”

डॉक्टरीणबाई वयस्क होत्या, केस पांढरे, चष्मा दोरीला बांधलेला. त्यांनी दोन-तीन भेटी नुसतं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “याला बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर म्हणतात.”

“बॉर्डर? कुठली बॉर्डर?”

“जुनं नाव आहे. कुणालाच धड आवडत नाही, मलाही नाही. नाव सोडा. तुम्हाला भावना इतरांपेक्षा लवकर चढतात, जास्त चढतात आणि उतरायला वेळ घेतात. आणि कुणी सोडून जाईल ही भीती सगळ्याच्या मुळाशी बसलेली असते.”

“म्हणजे मी वाईट आहे की वेडी आहे, एवढंच सांगा.”

“दोन्ही नाही. पण काम खूप करावं लागेल. गोळी घेतली आणि झालं, असं हे नाही.”

नवरा इतका वेळ कोपऱ्यात बसला होता. तो घसा खाकरून म्हणाला, “लिफ्टच्या दारात एक सेन्सर असतो. तो फार नाजूक लावला, तर धुळीच्या कणालाही लिफ्ट थांबते. लिफ्ट खराब नसते.”

“मी लिफ्ट नाही,” भिंगरी म्हणाली.

“नाही,” तो त्याच चेहऱ्याने म्हणाला.

उपचार म्हणजे आठवड्यातून एकदा डॉक्टरीणबाईंशी बोलणं आणि एकदा गटात बसणं. गटाची खोली साधी होती. गोल मांडलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या आणि खिडकीत एक सुकत चाललेलं झाड. पहिल्या महिन्यात भिंगरी दोनदा तिथून उठून निघून गेली. एकदा गट चालवणाऱ्या बाईंनी तिच्या आधी दुसरीला बोलू दिलं म्हणून, आणि एकदा कुणीतरी जांभई दिली म्हणून. दोन्ही वेळा ती पुढच्या आठवड्यात परत आली. दार आपटून गेलेल्या माणसाला त्याच दारातून मान वर करून आत येणं किती जड जातं, हे ज्याने केलंय त्यालाच कळेल. भिंगरीने आयुष्यभर दारं आपटली होती. परत येणं ती तिथे शिकली.

एकदा गटाच्या बाईंनी सांगितलं, की भावनांचा लोंढा आला की थंडगार पाण्यात चेहरा बुडवून श्वास रोखायचा, त्याने हृदयाचे ठोके मंदावतात. भिंगरी खो खो हसत सुटली. रोज लोकांची तोंडं पाण्यात घालण्यात तिची हयात गेली होती आणि स्वतःच्या वादळात तिला हे कधी सुचलं नव्हतं. त्या दिवशी ती उठली आणि सगळ्यांना दाखवलं: बेसिन भरायचं, पाणी गालांना आणि डोळ्यांखाली लागलं पाहिजे, खांदे सैल. “आणि हृदयाचं काही दुखणं असेल तर आधी डॉक्टरला विचारा,” बाईंनी मागून जोड दिली.

याच सुमारास विद्यापीठातले लोक मेंदूच्या अभ्यासासाठी माणसं शोधत होते. भिंगरीने लगेच हात वर केला. तिला आत काय आहे ते बघायचंच होतं. त्यांनी तिला एका पांढऱ्या यंत्राच्या बोगद्यात निजवलं, हातात बटणं दिली. आत धडाड-धडाड असा आवाज, रस्ता खोदतात तसा. आधी आकडे लक्षात ठेवायचे, ठरावीक अक्षर दिसलं की बटण दाबायचं. मग अनोळखी माणसांचे चेहरे: हा रागावलेला, घाबरलेला, आनंदी, की यातलं काहीच नाही?

अभ्यास पुरा व्हायला बरेच महिने गेले. मग ज्यांनी भाग घेतला त्यांना बोलावून एका तरुण संशोधिकेने काय निघालं ते सांगितलं. भिंगरी पहिल्या रांगेत.

“माझ्या मेंदूत काय निघालं?” तिने बसायच्या आधीच विचारलं.

“एकट्या तुमच्या फोटोवरून काही सांगता येत नाही,” संशोधिका म्हणाली. “खूप जणांची सरासरी काढली तर एक चित्र दिसतं, आणि तेही प्रत्येकाला लागू पडेल असं नाही.”

“बरं, सरासरी सांगा.”

संशोधिकेने कानाच्या वरच्या बाजूला बोट नेलं. आत खोल, बदामाच्या आकाराचा एक भाग असतो, तो धोक्याची घंटा वाजवतो. या आजारात बऱ्याच जणांची घंटा लवकर वाजते आणि वाजतच राहते. मग तिने कपाळावर टिचकी मारली. इथे, मागे, घंटा ऐकून ‘थांब, बघू या आधी’ म्हणणारा भाग असतो. मन तापलेलं असताना तो कमी पडतो. “पण आकडे आणि अक्षरांच्या खेळात तुमच्या गटाची कामगिरी इतरांच्या जवळपासच होती. बुद्धी, लक्ष, स्मरण जागेवर. भावना मध्ये आली की मात्र गडबड.”

भिंगरीला आठवला तो पोटरीत गोळा आलेला माणूस. दुसऱ्याच्या जिवावर बेतलं तेव्हा तिचं डोकं थंड होतं. कधीतरी, कुठेतरी ते थंड राहू शकतं, म्हणजे ते तिच्याकडे आहे.

“आणि चेहरे?”

“रागावलेले चेहरे तुम्ही सगळ्यांनी नीट ओळखले. चुकलं ते कोऱ्या चेहऱ्यांपाशी. ज्यांच्यावर काहीच भाव नव्हता, त्यातले पुष्कळ चेहरे तुमच्या गटाला रागावलेले वाटले.”

“अगं बाई!” भिंगरी इतक्या जोरात ओरडली की मागच्या रांगेतला माणूस दचकला. “म्हणजे माझा नवरा!”

अख्खी खोली हसली. संशोधिकाही हसली, पण नेमकं काय झालं ते तिला कळलं नाही. भिंगरी हसता हसता रडायला लागली. इतकी वर्षं एका माणसाच्या चेहऱ्यावर जे लिहिलेलं ती वाचत आली, ते तिथे नव्हतंच. सगळं नसेल, पण बरंच नसेल. बाहेर पडताना तिने विचारलं, “हे असंच राहणार का?” संशोधिका म्हणाली, उपचारानंतर हा फरक कमी झालेला काही अभ्यासांत दिसलाय, खात्री द्यायला अजून वेळ आहे. “वेळ आहे माझ्याकडे,” भिंगरी म्हणाली.

घरी आल्याबरोबर तिने नवऱ्याला स्वयंपाकघरात खुर्चीवर बसवलं.

“रागावून दाखव.”

“आत्ता?”

“हो. आत्ता.”

त्याने प्रयत्न केला. काही बदल झाला नाही. लेक टेबलावर चढून न्यायाधीशासारखी बसली. “बाबा, जास्त.” त्याने भुवया आवळल्या. “आता खूश हो.” भुवया थोड्या सुटल्या. “दमलेला?” पुन्हा तेच. लेकीने निकाल दिला, “बाबाचा चेहरा नापास.”

शेवटी नवराच बोलला. “मी तोंडाने सांगत जाईन. दमलो तर ‘दमलोय’ म्हणेन. रागावलो तर ‘रागावलोय’.”

“आणि मी ओरडायच्या आधी विचारेन,” भिंगरी म्हणाली.

“रोज विचार. मला राग नाही येत विचारल्याचा.”

“हे तू आधी का नाही सांगितलंस?”

“तू विचारलं नव्हतंस.”

यावर पूर्वी बशी फुटली असती. भिंगरीने बशीकडे पाहिलं, ती उचलली आणि कपाटात ठेवली.

सगळं सुरळीत झालं असं कुणी समजू नये. मध्ये एक वाईट महिना आला. डॉक्टरीणबाई आजारी पडून सुट्टीवर गेल्या आणि भिंगरीच्या मनाने तोच जुना हिशेब मांडला: गेल्या, त्याही गेल्या. तिने फोन भिंतीवर आपटून फोडला, गटात जाणं बंद केलं, चार दिवस पांघरुणातून उठली नाही. नवरा तिच्याजवळ बसून रोज सांगत राहिला, “मी इथेच आहे, दमलोय, पण इथेच आहे.” पाचव्या दिवशी ती उठली, फुटका फोन पिशवीत घातला आणि गटात गेली. जाऊन म्हणाली, “घसरले.” बस, एवढंच. बाकीच्यांनी खुर्ची सरकवून जागा केली.

खरी परीक्षा तलावावर झाली. एका सकाळी मॅनेजर दरवाज्यात भेटले, तिच्याकडे बघितलंही नाही आणि म्हणाले, “वर्ग संपला की जरा येऊन भेटा.” काढून टाकणार. नक्की. सगळ्यांनी मिळून ठरवलंय. राजीनामा तोंडावर फेकायची वाक्यंसुद्धा मनात तयार झाली, फार झणझणीत होती. तिने वर्ग रक्षकाच्या नजरेखाली दोन मिनिटं पोहण्याच्या फळ्यांवर तरंगत ठेवला, बेसिन गार पाण्याने भरलं, तोंड घातलं, श्वास रोखला. बाहेर आली तेव्हा घंटा वाजतच होती, पण कपाळामागचं कुणीतरी जागं झालं होतं.

कचेरीत जाऊन तिने पहिल्यांदा विचारलं, “साहेब, तुम्ही माझ्यावर रागावलाय का?”

मॅनेजर चमकले. “मी? नाही हो. मला सांगायलाच कसंतरी होतंय. मोठ्यांचा संध्याकाळचा वर्ग बंद करायचं ठरतंय वरून.”

म्हणजे बातमी वाईटच होती. तिची भीती अगदीच हवेत नव्हती. तळपायाची आग मस्तकात गेली, आणि हा राग खोटा नव्हता. भिंगरी म्हणाली, “मला आत्ता फार राग आलाय. तुमच्यावर नाही. मी थोड्या वेळाने येते, मग बोलू.” ती बाहेर जाऊन काठावर पाय सोडून बसली. परत आली आणि शांतपणे मुद्दे मांडले: ही माणसं दुपारी येऊ शकत नाहीत, त्यातल्या कितीतरी जणांना पोरांच्या वर्गात पाण्यात उतरायची लाज वाटते म्हणून ती इथे येतात, आणि तो बुडता बुडता वाचलेला माणूस आता याच वर्गात शिकतोय. मॅनेजरनी वर कळवलं. वर्ग पूर्ण वाचला नाही. रोजच्याऐवजी आठवड्यातून दोन संध्याकाळी राहिला. त्या रात्री जेवताना तिने घरी सांगितलं, “अर्धं हरले आणि नोकरी फेकली नाही.” नवरा म्हणाला, “मी खूश आहे.” सांगावं लागलंच, चेहऱ्यावरून कळायची सोय नव्हती.

त्यानंतर तिने ताईला फोन केला. ताई म्हणाली, “तू मला वैरीण म्हणालीस.”

“म्हणाले. तेव्हा मला तसंच दिसत होतं. तू गेलीस त्याचं मला अजूनही वाईट वाटतं, आणि तू मला वाढवलंस तेही खरं. दोन्ही एकदम मनात धरायला मी आत्ता शिकतेय, ताई. जड जातं.”

ताई आठवडाभर राहायला आली. तिसऱ्या दिवशी दोघींचं कडाक्याचं वाजलं. ताईने न विचारता स्वयंपाकघरातली सगळी भांडी नव्या जागी लावली होती आणि भिंगरीला चहाची गाळणी सापडेना. आवाज चढले, लेक दप्तर घेऊन बाहेर सटकली, ताईने बॅग काढली. भिंगरी बेसिनशी गेली, तोंडावरून पाणी निथळत परत आली आणि म्हणाली, “ताई, मी चिडलेय. पण तू जाऊ नकोस. गाळणी कुठे आहे ते सांग.”

ताईने गाळणी काढून दिली. चहा झाला. दोघी प्यायल्या, आणि ताईने भाचीसाठी विणायला आणलेलं लोकरीचं काम पुढे ओढलं. संध्याकाळी ती गॅलरीत जाऊन आपल्या नवऱ्याला फोनवर सांगत होती, आवाजात नवल मावत नव्हतं: “अहो, आज आम्ही भांडलो. नाही, नाही, तसं नाही. साधं. चहापर्यंत संपलंसुद्धा.”